एका नौकेवर दोन कार्यभार

तिसऱ्या विमानवाहू नौकेच्या खर्चाचा विषय निघाला की एक सोयीस्कर पर्याय हमखास सुचवला जातो. सैन्य किनाऱ्यावर उतरवणारी, सपाट डेकची मोठी नौका घ्यावी आणि तिच्यावरच आखूड धावेत उडणारी लढाऊ विमाने ठेवावीत. इतिहास या आशेला फारसा दुजोरा देत नाही.

आपल्या ‘विराट’चेच उदाहरण घ्या. ब्रिटिश सेवेत ‘हर्मिस’ असताना १९७०च्या दशकात तिला कमांडो वाहून नेणारी नौका करण्यात आले. पुढे ‘स्की-जंप’ बसवून सी हॅरियर विमाने दिली गेली. १९८२च्या फॉकलंड युद्धात तिने ब्रिटनची लाज राखली. मात्र दूरवरची चाहूल देणारे रडारधारी विमान ताफ्यात नव्हते. ४ मे रोजी अर्जेंटिनाची विमाने लाटांलगत उडत आली आणि ‘शेफिल्ड’ विनाशिका क्षेपणास्त्राला बळी पडली.

अशा टेहळणी विमानांना उड्डाणासाठी कॅटपल्ट लागतो. तो या नौकांवर नसतो. आपल्या ‘विक्रांत’ आणि ‘विक्रमादित्य’लाही ही उणीव भासतेच. पण सैन्यवाहू नौकांच्या अडचणी तेवढ्यावर थांबत नाहीत. अमेरिकेच्या अशा नौकांचा वेग सुमारे २२ नॉट, तर मोठ्या विमानवाहू नौकांचा ३०हून अधिक. सरळ खाली उतरणाऱ्या एफ-३५बीचा पल्लाही त्याच्या नौदलीय भावंडापेक्षा, एफ-३५सीपेक्षा, कमी.

२०२२ मध्ये ‘ट्रिपोली’वर अशी २० विमाने ठेवून अमेरिकेने प्रयोग केला. परंतु डेक विमानांनी भरला की सैनिकांच्या हेलिकॉप्टरांना जागा उरत नाही. विमानांसाठी जागा वाढवताना ‘अमेरिका’ आणि ‘ट्रिपोली’ या नौकांतून उतरण-नौकांची गोदी वगळली होती. त्याच वर्गातील पुढच्या ‘बुगनव्हिल’मध्ये ती परत आणावी लागली. तुर्कस्तानची कथा आणखी बोलकी आहे. एफ-३५ प्रकल्पातून २०१९ मध्ये त्याला वगळण्यात आले आणि ‘अनादोलू’ला ड्रोनचा आधार शोधावा लागला.

आपण २०२५ मध्ये २६ राफेल-मरीनचा करार केला. उतरताना या विमानांना रोधक तारा लागतात. सैन्यवाहू नौकेवर त्या नसतात. म्हणजे तिच्यासाठी वेगळे विमान, वेगळे प्रशिक्षण, वेगळे सुटे भाग. बचत कुठे राहिली?

सैन्यवाहू नौका आपल्याला हव्यातच. अंदमानसारख्या दूरच्या बेटांसाठी आणि आपत्तीतील मदतीसाठी एकटी ‘जलाश्व’ पुरणार नाही. परंतु अतिरिक्त कार्यभाराने पदाचा खर्च वाचतो, काम मात्र तुंबते, हे प्रशासनात मुरलेला कोणीही सांगेल. समुद्रावर त्या तुंबलेल्या कामाची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते.