खाण्याचा सोडा : औषध किती, समजूत किती

सोडियम बायकार्बोनेट म्हणजे घरोघरी असणारा खाण्याचा सोडा. सोडियम, हायड्रोजन आणि कार्बन यांचा प्रत्येकी एक व ऑक्सिजनचे तीन अणू अशी त्याची घडण आहे. हा पांढरा, बिनवासाचा, किंचित खारट पदार्थ पाण्यात विरघळला की द्रावणाचा पीएच सुमारे ८.३ येतो, म्हणजे तो सौम्य अल्कधर्मी आहे. आम्लाशी संयोग होताच त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि मागे पाणी व एक क्षार उरतो. ढोकळ्याला जाळी पडते ती या वायूमुळे. १८६१ मध्ये बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी मीठ, अमोनिया आणि चुनखडी यांच्यापासून सोडा बनवण्याची पद्धत विकसित केली आणि तो स्वस्त झाला. गुजरातमधील मिठापूरला १९३९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सचे तेथील उत्पादनही याच पद्धतीवर उभे आहे.

मानवी शरीर हा पदार्थ स्वतःही वापरते. रक्तातील बायकार्बोनेट आम्ल-अल्क समतोल राखते, तर स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त रस आतड्यात सोडून जठरातून आलेल्या आम्लाचा प्रभाव नाहीसा करते. रुग्णालयात सोडियम बायकार्बोनेट शिरेतून दिले जाते, ते औषध म्हणूनच. एवढा परिचित, स्वस्त आणि उपयोगी पदार्थ असल्यामुळे त्याच्याभोवती अर्धसत्य समजुतींचे जाळे विणले गेले आहे. त्यांपैकी काही निरुपद्रवी आहेत, तर काही थेट जिवावर बेतणाऱ्या आहेत.

गैरसमज १ : सोडा म्हणजे सोडा, सगळे प्रकार सारखेच.

वस्तुस्थिती : खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा ही तीन वेगळी रसायने आहेत. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो बराच तीव्र असतो आणि पोटात घेण्याजोगा नसतो. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. तो गिळला गेल्यास तोंड आणि अन्ननलिका भाजून निघते. अशा वेळी उलटी करवू नये, कारण वर येताना तो दुसऱ्यांदा इजा करतो. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. बेकिंग पावडर हीही वेगळी वस्तू आहे. तिच्यात खाण्याच्या सोड्यासोबत कोरडे आम्ल आणि स्टार्च असतो, म्हणून ती नुसत्या ओलाव्याने आणि उष्णतेने फुगते. नुसत्या सोड्याला मात्र दही, ताक किंवा लिंबू यांसारख्या आम्लाची जोड लागते. ती नसेल तर उष्णतेने सोड्याचे काही प्रमाणात कार्बोनेट होते आणि पदार्थाला साबणासारखी चव येते. निसर्गात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट एकत्रही आढळतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी अतिशय अल्कधर्मी आहे ते याच क्षारांमुळे.

गैरसमज २ : ॲसिडिटी झाली की सोडा घ्यावा, त्याने काही अपाय होत नाही.

वस्तुस्थिती : जठररसातील हायड्रोक्लोरिक आम्लाचे सोडा लगेच उदासिनीकरण करतो, त्यामुळे जळजळ काही मिनिटांत कमी होते. म्हणूनच तो अनेक फसफसणाऱ्या अँटॅसिड चूर्णांचा मुख्य घटक आहे. पण हा आराम थोड्या वेळाचा असतो आणि त्याची किंमत सोडियमच्या रूपाने मोजावी लागते. एक ग्रॅम सोड्यात सुमारे २७४ मिलिग्रॅम सोडियम असते. चहाच्या एका सपाट चमचाभर सोड्यातून १,२०० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसभरात मिळून २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना हा भार झेपत नाही. शरीरात पाणी साठून सूज आणि धाप वाढू शकते.

दुसरा धोका वायूचा. एक ग्रॅम सोड्याचे पूर्ण उदासिनीकरण झाले तर पाव लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तुडुंब जेवणानंतर भरपूर सोडा घेतल्याने जठर फाटल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण जेवण अंगावर आले असताना चमचे भरून सोडा घेऊ नये यासाठी तेवढ्या पुरेशा आहेत. सोडा वारंवार घेतल्यास रक्त अतिअल्कधर्मी होऊन पोटॅशियम घटते. जठरातील आम्ल कमी झाल्यामुळे लोहाच्या गोळ्या आणि काही प्रतिजैविके नीट शोषली जात नाहीत. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हृदयविकाराच्या झटक्यातही छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात ‘गॅस’सारखे दुखते. घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर सोडा पिऊन वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो.

गैरसमज ३ : सोडा घेतल्याने अल्सर बरा होतो.

वस्तुस्थिती : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अल्सरच्या रुग्णांना दर तासाला दूध आणि अल्कली देण्याची पद्धत खरोखरच रूढ होती. अमेरिकेतील डॉ. बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये ती मांडली होती. तिच्यामुळे काही रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम वाढले आणि मूत्रपिंडांना इजा झाली. हा विकार आजही ‘मिल्क-अल्कली सिंड्रोम’ या नावाने ओळखला जातो. पुढे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी अल्सरच्या मुळाशी बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो हे दाखवून दिले. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवाणूमुळे झालेला अल्सर प्रतिजैविके आणि आम्लनिर्मिती रोखणारी औषधे यांनी बरा होतो. सोड्याने फक्त वेदना दबते.

गैरसमज ४ : शरीर ‘ॲसिडिक’ झाल्याने रोग होतात, सोड्याचे पाणी पिऊन ते ‘अल्कलाइन’ करावे.

वस्तुस्थिती : निरोगी माणसाच्या धमनीतील रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यातच राहतो, मग आहार कोणताही असो. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याचे काम फुप्फुसे करतात, तर बायकार्बोनेट राखण्याचे आणि जादा आम्ल लघवीतून काढण्याचे काम मूत्रपिंडे करतात. या दोहोंचे रक्ताच्या पीएचशी असलेले नाते लॉरेन्स हेंडरसन आणि कार्ल हॅसलबाल्क यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी समीकरणात बांधले. ते समीकरण आजही प्रत्येक अतिदक्षता विभागात वापरले जाते. सोड्याचे पाणी पिणाऱ्या निरोगी माणसाची लघवी अल्कधर्मी होते, याचा अर्थ मूत्रपिंडाने नको असलेले बायकार्बोनेट बाहेर टाकले. लघवी तपासण्याच्या पीएच पट्टीवर बदललेला रंग लघवीची स्थिती सांगतो, रक्ताची नव्हे.

गैरसमज ५ : सोड्याने कर्करोग बरा होतो.

वस्तुस्थिती : या दाव्यामागे एक खरे निरीक्षण आहे. गाठीतील पेशी मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे गाठीभोवतीचा परिसर आम्लधर्मी असतो. उंदरांना तोंडावाटे बायकार्बोनेट दिल्यास काही प्रकारच्या कर्करोगाचा प्रसार मंदावतो, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले. पण उंदरांवरील निष्कर्ष म्हणजे माणसांवरील उपचार नव्हे, आणि सोड्याने माणसाचा कर्करोग बरा होतो असा कोणताही पुरावा नाही. कर्करोग म्हणजे बुरशी असून ती सोड्याने मरते, असा प्रचार इटलीतील तुलियो सिमोनचिनी यांनी केला. त्यांचा वैद्यकीय परवाना रद्द झाला आणि न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. कर्करोगाच्या उपचारात सोड्याला एक साधे पण खरे स्थान आहे : केमोथेरपी किंवा रेडिएशनने तोंड आले असता सोडा आणि मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या तोंड स्वच्छ ठेवतात. बऱ्या होऊ शकणाऱ्या गाठीवर सोड्याचे प्रयोग करत महिने घालवणे ही कधीही भरून न येणारी हानी आहे.

गैरसमज ६ : रक्तात आम्ल वाढले की बायकार्बोनेटचे इंजेक्शन द्यायलाच हवे.

वस्तुस्थिती : हा समज रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये आढळतो आणि एके काळी वैद्यकातही तो रुजलेला होता. आज निर्णय कारणावर ठरतो. मधुमेहातील कीटोॲसिडोसिसवर मुख्य उपचार म्हणजे इन्शुलिन, सलाइन आणि पोटॅशियम. बायकार्बोनेटचा विचार पीएच अत्यंत खाली गेल्यावरच होतो. हृदय बंद पडलेल्या प्रत्येक रुग्णाला ते सरसकट देण्याची शिफारसही आता केली जात नाही. फ्रान्समधील बायकार-आयसीयू या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पीएच ७.२० किंवा त्याहून कमी असलेल्या गंभीर रुग्णांना बायकार्बोनेट दिले गेले. सर्व रुग्ण एकत्र धरले तर निर्णायक फरक पडला नाही. मूत्रपिंडाला तीव्र इजा झालेल्या गटात मात्र लाभ दिसला.

काही ठिकाणी मात्र हे औषध जीव वाचवते. ॲमिट्रिप्टिलीनसारख्या ट्रायसायक्लिक गोळ्यांचे अतिसेवन झाल्यावर हृदयातील सोडियमचे मार्ग अडतात आणि ठोक्यांची लय बिघडते. तिथे सोडियम बायकार्बोनेट हाच पहिला उपचार आहे. ॲस्पिरिनच्या विषबाधेत ते लघवी अल्कधर्मी करते, त्यामुळे सॅलिसिलेट लघवीत अडकून शरीराबाहेर पडते. लिडोकेन या बधिरता आणणाऱ्या औषधात थोडे बायकार्बोनेट मिसळले तर सुई टोचतानाची जळजळ कमी होते. मात्र इंजेक्शन गरज नसताना दिल्यास रक्तात सोडियम वाढते, पोटॅशियम आणि मोकळे कॅल्शियम घटते, आणि औषध शिरेबाहेर गेल्यास ऊतींना इजा होते.

गैरसमज ७ : मूत्रपिंडाच्या रुग्णाने घरचा सोडा घेतला तरी चालतो, कारण डॉक्टरही तोच देतात.

वस्तुस्थिती : दीर्घकालीन आजारात मूत्रपिंडे आम्ल पुरेसे बाहेर टाकू शकत नाहीत आणि रक्तातील बायकार्बोनेट घटते. अशा रुग्णांना सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या दिल्या जातात हे खरे. परंतु उपचार केव्हा सुरू करावा यावरील मतेही पुराव्यांनुसार बदलली आहेत. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या सूचनांत लिटरमागे २२ मिलिमोल ही मर्यादा होती. २०२४ च्या सूचनांत ती १८ वर आली. ब्रिटनमध्ये साठीपुढच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बायकार्ब’ चाचणीत या गोळ्यांनी रुग्णांची शारीरिक क्षमता सुधारली नाही. म्हणून मात्रा रक्ततपासणी, सूज आणि रक्तदाब पाहून ठरते. ती चमच्याने ठरवता येत नाही. डायलिसिसच्या द्रावणातही बायकार्बोनेट असते आणि ते मोजूनमापून दिलेले असते.

गैरसमज ८ : सोड्याने मुतखडा विरघळतो आणि लघवीचा संसर्ग जातो.

वस्तुस्थिती : लघवी अल्कधर्मी केल्याने युरिक आम्लाचे खडे विरघळू शकतात. पण बहुसंख्य मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते सोड्याने विरघळत नाहीत. कॅल्शियम फॉस्फेटचे खडे तर अल्कधर्मी लघवीत अधिक तयार होतात. युरिक आम्लाच्या खड्यांसाठीही डॉक्टर सहसा पोटॅशियम सायट्रेट पसंत करतात, कारण त्यात सोडियमचा भार नसतो. संसर्गात सोड्याने जळजळ थोडी कमी वाटली, तरी जिवाणू मरत नाहीत.

गैरसमज ९ : सोडा दात झिजवतो, किंवा उलट, लिंबू-सोडा दात पांढरेशुभ्र करतो.

वस्तुस्थिती : सोड्याचे कण दातांच्या कठीण आवरणापेक्षा मऊ असतात आणि पेस्टमधील इतर अनेक घासणाऱ्या पदार्थांपेक्षा ते कमी झिजवतात. सोडा वरवरचे डाग काढतो आणि आम्ल शमवतो, पण कीड रोखणारे फ्लोराइड त्यात नसते. म्हणून तो फ्लोराइडच्या पेस्टची जागा घेऊ शकत नाही. लिंबू मिसळण्याने सोड्याचा गुण नाहीसा होतो आणि उरलेले आम्ल दातांचे आवरण विरघळवते.

गैरसमज १० : त्वचेवर ॲसिड पडल्यास सोडा चोळावा.

वस्तुस्थिती : पहिला उपचार भरपूर वाहत्या पाण्याचा, आणि तोही बराच वेळ. सोडा चोळल्याने रासायनिक क्रियेची उष्णता निर्माण होते आणि धुण्यातला वेळ वाया जातो. जमिनीवर सांडलेल्या बॅटरीच्या ॲसिडवर सोडा टाकणे योग्य आहे. माणसाच्या अंगावर नाही. त्वचा स्वतः किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे चेहऱ्याला किंवा काखेत रोज सोडा लावल्याने कोरडेपणा आणि पुरळ येते.

गैरसमज ११ : सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यास दुप्पट सफाई होते.

वस्तुस्थिती : दोघे एकमेकांचा गुण मारतात आणि उरते ते मुख्यतः सोडियम ॲसिटेटचे पाणी. फसफसण्याने मळ थोडा हलतो, एवढेच. चिकट तेलकटपणासाठी सोडा आणि नळाच्या क्षारांसाठी व्हिनेगर असे वेगवेगळे वापरणे योग्य. फळे धुण्यासाठी मात्र सोड्याला आधार आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात एक टक्का सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवलेल्या सफरचंदांच्या सालीवरील दोन कीडनाशकांचा बहुतांश अंश निघाला. सालीच्या आत मुरलेला अंश मात्र निघाला नाही.

गैरसमज १२ : सोड्याने प्रत्येकाची ताकद वाढते.

वस्तुस्थिती : अर्ध्या मिनिटापासून सुमारे बारा मिनिटांपर्यंतच्या तीव्र श्रमात, म्हणजे मध्यम पल्ल्याची धाव किंवा पोहणे यांत, सोड्याचा थोडा लाभ होतो, स्नायूंतील आम्ल शमण्यास तो मदत करतो. त्यासाठी शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.२ ते ०.३ ग्रॅम सोडा लागतो. ६० किलो वजनाच्या खेळाडूसाठी वरची मात्रा १८ ग्रॅम होते, आणि तिच्यातून जवळपास ५ ग्रॅम सोडियम शरीरात जाते. मळमळ, जुलाब आणि पोटफुगी नेहमीचीच. रोजच्या व्यायामासाठी याचा उपयोग नाही.

सोड्याचे सामर्थ्य एका रासायनिक गुणात आहे : तो आम्ल शमवतो. जिथे आजार आम्लामुळे आहे आणि मात्रा मोजून दिली जाते, तिथे तो औषध आहे; जिथे आजाराचे मूळ जिवाणू, गाठ किंवा अडलेली रक्तवाहिनी आहे, तिथे तो निरुपयोगी आहे. कधीमधी होणाऱ्या जळजळीसाठी अर्धा ग्लास पाण्यात पूर्ण विरघळवलेला थोडा सोडा बहुतेक निरोगी प्रौढांना चालतो. लहान मुले, गर्भवती, रक्तदाबाचे, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि जळजळ दोन आठवड्यांहून अधिक टिकली, गिळताना त्रास होऊ लागला, वजन घटले किंवा शौचाचा रंग काळा झाला, तर सोड्याचा डबा बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी.