कणीक कळते कुणाला?

ओसाकाच्या मात्सुशिता इलेक्ट्रिक कंपनीत, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकमध्ये, १९८५ साली चक्क कणकेचे एक्स-रे काढले जात होते. एक गोळा कसलेल्या बेकरच्या हातचा, दुसरा यंत्राने मळलेला. घरच्या घरी ब्रेड करून देणारं स्वयंचलित यंत्र कंपनीला बाजारात आणायचं होतं. पण नमुन्याच्या यंत्रातून निघणारा ब्रेड बाहेरून करपायचा आणि आतून कच्चा राहायचा. दोष मळण्यात असावा, असा अंदाज होता. एक्स-रे शेजारी शेजारी ठेवून अभियंत्यांनी पुष्कळ डोकं चालवलं, तरी कामाचं काही हाती लागलं नाही.

मग सॉफ्टवेअर विभागातल्या इकुको तानाका यांनी सरळ उमेदवारी करायचं ठरवलं. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा ब्रेड शहरात नावाजलेला होता. तिथल्या मुख्य बेकरच्या हाताखाली त्या मळायला शिकल्या. शिकता शिकता त्यांच्या लक्षात आलं, की हा माणूस कणीक नुसती दाबत नाही. ओढताना तो तिला पीळही देतो. ही ‘पिळून ताणण्याची’ हालचाल आकड्यांत सांगणं अवघड होतं. तेव्हा अभियंत्यांनी पात्याचा वेग बदलून पाहायचा, तानाकांनी कणीक पाहून अजून काय हवं ते सांगायचं, असं जवळपास वर्षभर चाललं. शेवटी भांड्याच्या आतल्या बाजूला उभ्या पट्ट्या बसवल्या, तेव्हा गाडी मार्गी लागली. फेब्रुवारी १९८७ मध्ये हे ‘होम बेकरी’ यंत्र जपानमध्ये ३६,००० येनला विक्रीला आलं. आज बाजारात मिळणारी यंत्रं याच कुळातली आहेत: एक भांडं, तळाशी फिरणारं पातं, भोवती हीटर आणि सगळ्यांना वेळेवर कामाला लावणारी चिप.

पट्ट्यांनी नेमकं काय साधलं, हे पुरणपोळीची कणीक तिंबणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागणार नाही. सैल भिजवलेली कणीक तेला-पाण्यात मुरवून, आपटून, ओढून ती अशी लवचिक करतात की हातात ताणली तर तुटत नाही, तार सुटते. गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही दोन प्रथिनं असतात. कोरड्या पिठात ती आपापल्या जागी पडून असतात. पाणी मिळालं आणि ताण बसला, की त्यांचे रेणू एकमेकांत अडकून ग्लुटेनचं जाळं तयार होतं. ग्लुटेनिनमुळे त्याला ताणून परत येण्याचा गुण मिळतो, ग्लायाडिनमुळे पसरण्याचा. पोळीत हा पडदा पुरण धरून ठेवतो, ब्रेडमध्ये कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. भांडं आतून गुळगुळीत असेल, तर गोळा पात्याबरोबर नुसता गरगरत राहतो. एक टोक पट्टीला अडलं आणि दुसरं पात्याने ओढलं, की मगच कणकेला ताण आणि पीळ मिळतो.

घरगुती यंत्राची मोटर लहान असते, आणि म्हणूनच ते इतका वेळ घेतं. इंग्लंडमधल्या चॉर्लीवुडच्या संशोधकांनी १९६१ मध्ये दाखवून दिलं होतं, की काही मिनिटं प्रचंड ताकदीने घुसळलं तर तासन् तास आंबवण्याची गरज उरत नाही. कारखान्यातला पांढरा, कापसासारखा ब्रेड तिथून जगभर गेला. आपल्या ओट्यावरच्या यंत्राकडे तेवढा जोर नाही. ते थोडं मळतं, थांबतं, पुन्हा मळतं, मग फुगायला सोडून देतं. नेहमीच्या प्रोग्रॅमला साडेतीन-चार तास जातात. थांबण्याचा वेळही फुकट जात नाही, कारण तेवढ्यात पीठ पाणी पितं आणि ग्लुटेनचं बरंचसं जाळं आपोआप जुळतं. ‘रॅपिड’चं बटण दाबून दोन तासांत ब्रेड मिळतो, पण त्याची जाळी दाट राहते आणि चव उणी पडते. माझं मत विचाराल तर ते बटण नसतं तरी चाललं असतं.

ओसाकाच्या गोष्टीतला दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. आपल्या हवेत मात्र तोच जास्त उपयोगाचा आहे. कणीक साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअसला असली, की यीस्ट नेमस्त वेगाने काम करतं. त्याहून गरम झाली तर वेग भराभर वाढतो, भाजायची वेळ येण्याआधीच वायू तयार होऊन पडदे फाटतात, ब्रेडचा माथा खचतो आणि चव आंबूस होते. शिवाय मळण्याच्या घर्षणाने कणीक आणखी तापते. यंत्रात हीटर असतो, थंड करायला मात्र काही नसतं. मात्सुशिताच्या मूळ आराखड्यात कूलर होता, पण त्याने किंमत फार वाढत होती. मार्ग सापडला तो जुन्या बेकरांच्या पद्धतीत: यीस्ट सुरुवातीला घालायचंच नाही, बाकीची कणीक मळून झाल्यावर घालायचं. झाकणात यीस्टची एक छोटी डबी बसवली, वेळ झाली की ती उघडून यीस्ट खाली पडतं. कूलर गेला, किंमत उतरली.

अशी डबी सगळ्या यंत्रांत नसते. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला पारा ४० च्या पुढे जातो, तेव्हा फ्रिजमधलं गार पाणी वापरावं, पीठही तासभर फ्रिजमध्ये ठेवावं आणि यीस्ट पाव हिश्शाने कमी करावं. रात्री टायमर लावून सकाळी ताज्या ब्रेडची वाट पाहायची, तर ती चैन थंडीच्या दिवसांत करावी. दूध आणि अंडी घालून टायमर कधीच लावू नये. ती रात्रभर खोलीच्या तापमानाला पडून राहतात. डबी नसलेल्या बहुतेक यंत्रांत तळाशी पाणी, त्यावर पीठ आणि सगळ्यांत वर कोरडं यीस्ट, हा क्रम टायमरसाठीच सांगितलेला असतो. पाणी लागेपर्यंत यीस्ट झोपून राहतं. वीज जाणं हा वेगळा प्रश्न. बरीच यंत्रं पाच-दहा मिनिटांचा खंड लक्षात ठेवून पुढे चालू होतात. भारनियमन असेल तिथे मात्र चार तासांचा कार्यक्रम लावण्याआधी वेळापत्रक बघितलेलं बरं.

भाजणं सुरू झालं, की कणीक आधी झपाट्याने फुगते, कारण आतला वायू प्रसरण पावतो आणि यीस्टही शेवटचा जोर लावतं. ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान यीस्ट मरतं. ६० च्या पुढे स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, ७०-८० च्या आसपास ग्लुटेन घट्ट होतं आणि जाळीचा आकार कायम होतो. मधला भाग शंभराच्या वर कधीच जात नाही, कारण त्यात पाणी असतं. कड कोरडी पडते, १४० च्या पुढे तापते आणि तिथे शर्करा व अमिनो आम्लांच्या क्रियेतून तो खमंग तपकिरी रंग येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. यंत्रातला हीटर भांड्याच्या खालच्या भागाभोवती असतो, झाकणात सहसा नसतो. म्हणून ब्रेडच्या बाजू छान खरपूस होतात आणि माथा फिकटच राहतो. गोव्यातल्या पोदेराच्या भट्टीतल्या उंड्यासारखी कडक साल या डब्यातून निघणार नाही. बुडाला पात्याचं भोक मात्र नक्की निघेल.

आता मूळ प्रश्नाकडे. व्यवस्थापनतज्ज्ञ इकुजिरो नोनाका यांनी १९९१ मध्ये तानाकांची ही कथा लिहिली आणि ती जगभर गाजली. बेकरच्या हातातलं मूक ज्ञान यंत्रात कसं उतरवलं, याचा नमुना म्हणून ती शिकवली जाऊ लागली. २००७ मध्ये रॉड्रिगो रिबेरो आणि हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञांनी तिला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: यंत्राने बेकरची एक ठरावीक हालचाल उचलली, पण कसब उचललं नाही. कणीक आज सैल का वाटते, पीठ नवीन आहे का, हवा दमट आहे का, हे बेकर पाहतो आणि हात बदलतो. यंत्र ते पाहू शकत नाही. म्हणून ते काम मापून दिलेल्या जिनसांवर, माहितीपुस्तिकेवर आणि यंत्र वापरणाऱ्या माणसावर ढकललेलं असतं.

हे पटायला आपल्या गिरणीतलं पीठ पुरेसं आहे. यंत्राबरोबर येणाऱ्या पाककृती १२ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त प्रथिन असलेल्या खास ब्रेडच्या मैद्यासाठी लिहिलेल्या असतात. तिथे १०० ग्रॅम पिठाला ६०-६५ ग्रॅम पाणी पुरतं. दगडी जात्यात दळताना मात्र स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात चिरडले जातात, आणि चिरडलेला स्टार्च अख्ख्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो. त्यात कोंडा भर घालतो. तो पाणी सावकाश शोषतो आणि त्याच्या कडा ग्लुटेनचे पडदे फाडतात. अशा पिठाला ७५ ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त पाणी लागतं. गहू सिहोर की लोकवन, यानेही फरक पडतो. खपलीचं ग्लुटेन मुळात दुबळं, त्यामुळे नुसत्या खपलीचा ब्रेड उंच होत नाही. पुस्तिकेबरहुकूम पाणी घालून वीट निघाली, की लोक यंत्राला नावं ठेवतात. यंत्राने त्याला सांगितलं तेवढं चोख केलेलं असतं.

तेव्हा कपाने मोजू नये, काट्यावर तोलावं. आणि मळणं सुरू झाल्यावर आठ-दहा मिनिटांनी झाकण उघडून बघावं. या टप्प्यावर उघडल्याने काहीही बिघडत नाही. गोळा गोल होऊन भांड्याच्या कडा सोडत असावा आणि बोटाला किंचित चिकटावा. तळाला लगदा पसरला असेल तर चमचाभर पीठ, गोळा भेगाळून ठकठक आपटत असेल तर चमचाभर पाणी. आटा असेल तर पाणी घालायची घाई करू नये, कोंडा अजून प्यायचा असतो. पोळ्यांची कणीक रोज भिजवणाऱ्या हाताला हा अंदाज आधीच असतो.

गहू सोडून पुढे जायचं तर सगळं गणितच बदलतं. सान्योने २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ‘गोपान’ नावाचं यंत्र काढलं. तांदळाचे अख्खे दाणे टाकायचे, यंत्र ते भिजवून वाटतं आणि ब्रेड करतं. मागणी इतकी आली, की कंपनीला काही काळ नोंदणी थांबवावी लागली. पण तांदळात ग्लुटेन नाही, म्हणून नेहमीच्या कृतीत गव्हाचं ग्लुटेन वेगळं घालावं लागायचं. ज्वारीचंही तेच. भाकरीचं पीठ गरम पाण्यात भिजवतात ते स्टार्चला चिकटपणा यावा म्हणून, आणि भाकरी थापतात, कारण ताणली की तुटते. ज्वारीचा ब्रेड करायचाच असेल तर इसबगोलाची भुशी मदतीला घ्यावी, पाणी सढळ ठेवावं आणि ग्लुटेनविरहित प्रोग्रॅम लावावा. त्यात फारसं मळणं नसतं, एकदाच फुगवणं असतं.

तयार ब्रेड लगेच भांड्याबाहेर काढावा, नाहीतर वाफेने कड सादळते. तासभर तरी कापू नये, आतला स्टार्च अजून बसायचा असतो. या ब्रेडमध्ये बुरशी रोखणारं काही नसल्याने पावसाळ्यात दोन-तीन दिवसच तो धड राहतो. पण फ्रिज हा त्यावर उपाय नव्हे. ब्रेड शिळा होतो तो केवळ वाळल्याने नव्हे. फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं, की ओलावा जाऊ दिला नाही तरी तो शिळा होतोच. फुगलेल्या स्टार्चचे रेणू गार झाल्यावर पुन्हा रांगेत बसू लागतात आणि ब्रेड घट्ट होतो. फ्रिजच्या तापमानाला हे सर्वांत झपाट्याने घडतं. दोन दिवसांचा ब्रेड बंद डब्यात बाहेर ठेवावा, उरलेल्याचे काप करून फ्रीझरमध्ये टाकावेत. शिळा काप तव्यावर ६० अंशांच्या वर तापला की रांगा मोडतात आणि तो पुन्हा मऊ होतो, पण दर खेपेला थोडं पाणी उडून जातं. एक-दोनदा हे चालतं. त्यापुढे कांदा, मिरची, हळद घालून फोडणीचा ब्रेड करावा.