उधारीवर आलेली कॉफी

माझं माहेर निफाडचं, कांद्याचं. कांदा केंद्राच्या हमीभावाच्या यादीत नाही, त्यामुळे भाव पडणं म्हणजे काय ते आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. इथे लंडनमध्ये आमच्या मंडळात ‘फेअर ट्रेड’चा, म्हणजे शेतकऱ्याला ठरावीक किमान भाव देणाऱ्या व्यापाराचा, विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘गोऱ्यांचा दानधर्म, दुसरं काय!’ मला ते पटत नाही. कॅफेडायरेक्ट या कॉफी कंपनीचंच बघा.

१९८९ च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली निर्यात कोट्याची पद्धत मोडली आणि भाव कोसळले. १९९१ मध्ये ऑक्सफॅम, ट्रेडक्राफ्ट, इक्वल एक्स्चेंज आणि ट्विन ट्रेडिंग यांनी मिळून ब्रिटनमध्ये ही कंपनी काढली. पहिला माल पेरू, मेक्सिको आणि कोस्टा रिकाच्या उत्पादकांनी एकेक कंटेनर भरून चक्क उधारीवर पाठवला. शेतकऱ्याने आपणहून कंपनीला उधार द्यायचं! (व्यापारी पैसे थकवतो, ती उधारी वेगळी.)

कॉफीची फळं एका फांदीवर एकदम पिकत नाहीत. लाल झालेली तेवढीच हाताने तोडायची, म्हणून त्याच झाडाकडे पुन्हापुन्हा जावं लागतं. मग साल काढा, चिकट गर सुटावा म्हणून आंबवा, धुवा, वाळवा. पाच-सहा किलो फळांतून किलोभर कच्ची बी निघते. अरेबिका जातीच्या कॉफीचा भाव मात्र न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात ठरतो. २००१ मध्ये तो पौंडाला, म्हणजे ४५४ ग्रॅमला, ५० सेंटांच्याही खाली गेला. फेअर ट्रेडचा किमान भाव तेव्हा सव्वा डॉलरच्या आसपास होता. २०२३ मध्ये धुतलेल्या अरेबिकासाठी तो १.८० डॉलर झाला. शिवाय पौंडामागे २० सेंट शेतकऱ्यांच्या संस्थेला मिळतात आणि ते कशावर खर्चायचे हे सभासद ठरवतात. बाजार चढा असेल तर बाजारभाव द्यावा लागतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत भाव चार डॉलरच्या वर गेला. अशा वेळी किमान भाव नुसता कागदावर राहतो आणि दारात रोख मोजणारा व्यापारी संस्थेचे सभासद फोडतो. शिवाय संस्थेचा सगळा माल फेअर ट्रेडमध्ये खपतोच असं नाही. उरलेला साध्या बाजारात जातो. मालकीचाही प्रश्न आहेच. २००४ मध्ये कॅफेडायरेक्टने शेअर विकून सामान्य लोकांकडून ५० लाख पौंड उभे केले. उत्पादकांना संचालक मंडळावर जागा आहे, पण त्यांच्याकडचे शेअर अगदी थोडे. हे मला खटकतं.

तरी पडत्या भावात तगवणारी दुसरी सोय मला दिसत नाही. कॉफीचं पाकीट घेताना फेअर ट्रेडचा शिक्का बघाच, पण मागे उत्पादक संस्थेचं नाव छापलंय का तेही बघा. नसेल तर कंपनीला पत्र टाकून विचारा.