व्हर्मीरचे ‘डेल्फ्टचे दृश्य’

योहानेस व्हर्मीरचे ‘डेल्फ्टचे दृश्य’ हे सतराव्या शतकातील डच नगरचित्रांमधले सर्वांत थोर चित्र होय. सुमारे एक मीटर उंच आणि त्याहून थोडे रुंद असे हे तैलचित्र हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. त्यातला नव्या चर्चचा मनोरा घंटांविना रिकामा दिसतो. नव्या घंटा १६६०-६१ मध्ये बसवल्या जात होत्या, म्हणून चित्राचा काळही त्याच सुमाराचा मानतात.

शहर दक्षिणेकडून, बंदराच्या पाण्यापलीकडून दिसते. समोर वेशीचे दोन दरवाजे आहेत: घड्याळ असलेला स्खिडाम दरवाजा आणि उजवीकडे जुळ्या मनोऱ्यांचा रॉटरडॅम दरवाजा. घड्याळात सकाळचे सात वाजून गेले आहेत. अलीकडच्या काठावर मोजकीच माणसे असून चित्राचा निम्म्याहून अधिक भाग आभाळाने व्यापला आहे. वरच्या काळ्या ढगामुळे पुढच्या भिंती सावलीत आहेत आणि ऊन मागच्या घरांवर व नव्या चर्चच्या मनोऱ्यावर पडले आहे. डच स्वातंत्र्यलढ्याचा नेता ऑरेंजचा विल्यम याची १५८४ मध्ये डेल्फ्टमध्येच हत्या झाली आणि त्याची समाधी याच चर्चमध्ये आहे. नेमके तिथेच ऊन पडावे, हा योगायोग वाटत नाही.

हे शहर नुकतेच एका मोठ्या आघातातून सावरले होते. १२ ऑक्टोबर १६५४ रोजी दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन डेल्फ्टचा ईशान्येकडचा भाग जमीनदोस्त झाला. त्यात कारेल फाब्रित्सियुस हा गुणी चित्रकारही दगावला. चित्रात त्या विध्वंसाची खूण कुठेही नाही.

व्हर्मीर १६३२ मध्ये इथेच जन्मला आणि १६७५ मध्ये कर्जबाजारी अवस्थेत इथेच वारला. त्याची आज सुमारे पस्तीस चित्रे उरली आहेत, बहुतेक घरातल्या खोल्यांची. उघड्यावरची दृश्ये अगदी थोडी, तरी हात तोच. डावीकडच्या कौलांजवळ पाहिले तर रंग खडबडीत लागतो. खाली शिशाच्या पांढऱ्या रंगाचे जाडसर कण आहेत आणि त्यामुळे कौलांना खरा खरखरीतपणा येतो. उजवीकडच्या नौकांवर प्रकाशाचे बारीक ठिपके आहेत. ते पाहून त्याने कॅमेरा ऑब्स्क्युरा (समोरच्या दृश्याची प्रतिमा आत पाडणारी काळोखी पेटी) वापरला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. पण त्याने दिसले तसे उतरवले नाही. क्ष-किरण तपासणीत दिसले की रॉटरडॅम दरवाज्याची पाण्यातली प्रतिबिंबे त्याने मागाहून खाली लांबवली. काठावरच्या दोन बायकांच्या बाजूला रंगवलेला एक पुरुषही त्याने पुसून टाकला. चित्रातली शांतता अशी विचारपूर्वक घडवलेली आहे.

१६९६ मध्ये ॲमस्टरडॅमला व्हर्मीरच्या एकवीस चित्रांचा लिलाव झाला. त्यात या चित्राला सर्वाधिक, म्हणजे दोनशे गिल्डर किंमत आली. पुढे चित्रकाराचे नाव जवळजवळ विस्मरणात गेले. १८२२ मध्ये डच सरकारने हे चित्र २,९०० गिल्डरांना विकत घेतले. मॉरित्सहाउसमध्ये ते पाहून भारावलेला फ्रेंच समीक्षक थोरे-ब्युर्गर व्हर्मीरच्या शोधाला लागला आणि १८६६ मधील त्याच्या लेखांनी या चित्रकाराला पुन्हा उजेडात आणले. मार्सेल प्रूस्तने आपल्या कादंबरीतला एक लेखक याच चित्रातल्या पिवळ्या भिंतीच्या तुकड्यासमोर मरताना दाखवला आहे.

चित्रातले दोन्ही दरवाजे एकोणिसाव्या शतकात पाडले गेले. नवे चर्च अजून उभे आहे. डेल्फ्टमध्ये मात्र आज व्हर्मीरचे एकही मूळ चित्र नाही.