पिकअपचं ब्रेक पायडल हळूहळू खाली बसतंय? तेल कमी नसलं तरी गाडी घाटात घालू नका

आळेफाटा, ओतूर भागातून कांदा-टोमॅटो भरून माळशेज घाटाने कल्याणला जाणाऱ्या जुन्या पिकअप अजूनही कमी नाहीत. अशा गाड्यांत एक दुखणं बरेचदा निघतं. सिग्नलला पाय दाबून थांबलं की ब्रेकचं पायडल हळूहळू खाली जातं. सोडून पुन्हा दाबलं की वर येतं, म्हणून ड्रायव्हर म्हणतो, "लागतोय की ब्रेक!" उतारावर भरल्या गाडीत मात्र दुसऱ्यांदा दाबायला वेळ मिळेलच असं नाही.

तपासणी घरी होते. गाडी सपाटीला लावा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद करा. पायडल चार-पाच वेळा दाबलं की बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि ते कडक होतं. आता आधी हलका, मग जोराचा पाय देऊन अर्धा-एक मिनिट दाबून धरा. जागेवर राहायला हवं. पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पायडल थोडं खाली जाऊन थांबलं तर बूस्टर चांगला आहे, तो बिघाड नव्हे. इथं भलेभले फसतात. न थांबता खाली जातच राहिलं तर दाब कुठूनतरी सुटतोय.

मग तेलाची बाटली बघा. तेल उतरत असेल तर चारही चाकांची आतली बाजू, रबरी आणि लोखंडी पाइप ओले आहेत का पाहा. मागच्या ड्रमखाली ओल म्हणजे बहुधा व्हील सिलिंडर. मास्टर सिलिंडर बूस्टरला बसतो त्या जोडाखालीही हात फिरवा. तिथला सील गेला तर तेल बूस्टरमध्ये शिरतं, जमिनीवर थेंबही पडत नाही.

तेल उतरत नाही, ओल नाही, तरी पायडल बसतंय? मग मास्टर सिलिंडरचे आतले वायसर गेले असं धरा. दाबलेलं तेल बाहेर न पडता वायसरच्या कडेने आतल्या आत मागे येतं. गॅरेजवाला लायनर बदलू म्हणाला तर आधी ही चाचणी त्याच्यासमोर करा. लायनर झिजल्यावर पहिला दाब खोल जातो, पण दोन-तीनदा मारल्यावर पायडल वर येऊन तिथंच टिकतं. हवा धरली असेल तर स्पंजासारखं मऊ लागतं.

नुसतं किट टाकायचं की पूर्ण मास्टर सिलिंडर? आतून गंज किंवा ओरखडे दिसले तर किट फार दिवस टिकत नाही, पूर्ण बदललेला बरा. नंतर चारही चाकांची हवा काढून घ्या.

तेल बाटलीच्या झाकणावर लिहिलंय तेच घाला, बहुतेक गाड्यांना डॉट ३ किंवा डॉट ४ असतं. इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल चुकूनही नको, सगळी रबरं फुगतात. उघडून महिनोन्‌महिने ठेवलेला डबाही नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि असं तेल लांब उतारावर लवकर उकळतं.

काम होईपर्यंत भाडं घेऊ नका. पंप मारत मारत गॅरेजला नेण्यापेक्षा मेकॅनिकलाच घरी बोलवा.