नवशिक्या स्वाराची गाडी आणि घोडबंदरचा रस्ता

घोडबंदर रोडलगत घर आणि ठाण्याच्या जुन्या बाजारपेठेत दुकान, अशी आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची आजची घडी आहे. माजिवड्यापासून गायमुखापर्यंतचा हा रस्ता रोजचा झाला, पण सोपा झाला नाही. न्हावाशेवा बंदराकडून गुजरातेकडे जाणारी अवजड वाहने, मेट्रोच्या कामाचे अडथळे आणि पावसात पाण्याखाली दडलेले खड्डे यांतून मुलगा दुचाकीवरून निघाला की पोहोचल्याचा फोन येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

आमच्या मुलाने शिकाऊ परवाना काढला आणि ‘ड्युअल-स्पोर्ट’ मोटारसायकल मागितली. पक्की सडक व कच्ची वाट या दोन्हींसाठी बांधलेली ही गाडी त्याच्या आईला धाडसाची वाटली, मला खर्चाची. नकार देणे सोपे होते. पण व्यापाऱ्याच्या घरात निर्णय हिशेबाने व्हावा, म्हणून आम्ही जमा-नावे मांडले.

जमेच्या बाजूस पहिले चाक. २०१९ साली आलेल्या हीरो एक्सपल्स २०० चे पुढचे चाक २१ इंची असून गाडीचा तळ जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते, लांब पल्ल्याचे शॉकअप हादरा सोसतात, आणि ताठ बैठकीमुळे पुढच्या मोटारींपलीकडचा रस्ता दिसतो.

नावेच्या बाजूस उंची. याच गाडीचे आसन ८२३ मिलिमीटरवर आहे. शोरूममध्ये मुलाचे केवळ चवडे टेकत होते. वाहतूक कोंडीत दर मिनिटाला पाय टेकावा लागतो. घाटाच्या उतारावर तो अधांतरी राहिला, तर दीडशे किलोंची गाडी उभ्याउभ्या कलंडते. २०१६ मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयनचे आसन ८०० मिलिमीटर होते, पण वजन दोनशे किलोंच्या घरात. म्हणून उंची व वजन एकत्रच तोलावे. खोल खाचांचे टायर मातीत पकड देतात, ओल्या डांबरावर मात्र तितकी नाही. १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एबीएस कायद्याने सक्तीचे आहे. ते एकाच चाकाला आहे की दोन्ही, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

संरक्षक पोशाखाचा प्रश्न आपल्या घरांत वेगळाच येतो. जाकीट, हातमोजे, बूट यांत चामडे सर्रास असते. परंतु कोपर-खांद्यांना कवच असलेली जाड कृत्रिम कापडाची जाकिटे आणि बिनचामड्याचे मोजे-बूटही मिळतात. जीवदया पाळताना स्वतःच्या जीवाची हेळसांड करण्याचे कारण नाही. हेल्मेट आयएसआय चिन्हाचेच असावे.

आपले साधुसाध्वी चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. तेथे चार हात पुरत नाहीत, नजर कितीतरी पुढे हवी. तत्त्व मात्र तेच: जेवढे दिसते तेवढ्यातच थांबता येईल इतकाच वेग.

अखेर ठरले ते असे. चातुर्मासात मुनी विहार थांबवतात, तर नवशिक्यानेही पहिला पावसाळा या रस्त्यावर शिकू नये. त्या चार महिन्यांत मुलगा बसने दुकानी आला. रविवारी पहाटे, पाऊस नसेल तेव्हा, सोसायटीच्या मागच्या शांत रस्त्यावर माझ्या जुन्या गाडीवर ब्रेक आणि क्लचचा सराव केला. तोवर पक्का परवानाही हाती आला. दिवाळीनंतर गाडी घेतली ती पुढचे चाक १९ इंची, आसन बुटके आणि दोन्ही चाकांना एबीएस असलेली. वजन थोडे अधिक आहे, पण दोन्ही पावले पूर्ण टेकतात. मनातली उंच गाडी सोडताना तो हिरमुसला होता, हेही खरे.

कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू झाले. एका सकाळी तो दुकानी उशिरा आला. रस्त्याच्या कडेने साध्वीजींचा समूह चालला होता आणि मागून ट्रक येत होते, म्हणून वळण संपेपर्यंत तो दिवे लुकलुकते ठेवून सावकाश त्यांच्या मागे राहिला होता. त्या दिवशी दुकान वीस मिनिटे उशिरा उघडले. रोजकीर्दीत त्याची नोंद नाही, पण तो दिवस मी जमेतच धरतो.