माणशी एक मिनिट

एका माणसासाठी फक्त एक मिनिट. नाव काय, राहायला कधीपासून, नोटीस मिळाली होती का, एवढंच विचारायचं आणि पुढच्या दाराशी जायचं. जेवण नाही, झोप नाही, रविवार नाही. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ५२ लाखांहून अधिक माणसं मोजली गेली. त्यातली बहुतेक उपनगरांत राहणारी. या सगळ्यांना भेटायला ३,६०० दिवस लागतील, म्हणजे जवळजवळ १० वर्षं. त्याच जनगणनेप्रमाणे देशभरातले झोपडपट्टीवासी साडेसहा कोटी. त्यांच्यासाठी १२४ वर्षं. आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे जगात धड निवारा नसलेली माणसं १८० कोटी. त्यांना भेटून व्हायला ३,४०० वर्षं.

हा सगळा पसारा एका माणसाच्या कक्षेत येतो. संयुक्त राष्ट्रांची मानवाधिकार परिषद घराच्या हक्कासाठी एक स्वतंत्र तज्ज्ञ नेमते, त्या पदाला स्पेशल रॅपोर्टर म्हणतात. मुदत आता जास्तीत जास्त ६ वर्षं. पगार शून्य. २०२३च्या अखेरीस परिषदेच्या अशा नेमणुका विषयवार ४६ आणि देशवार १४ होत्या. काही विषयांवर पाच जणांचा गट असतो. घरांच्या विषयावर मात्र एकच व्यक्ती. बिनपगारी असणं हे या पदाचं बळही आहे, कारण कुठल्याही सरकारचा हुकूम त्यावर चालत नाही. पण एखाद्या देशात पाऊल टाकायला तिथल्याच सरकारची संमती लागते.

एप्रिल २०१६ मध्ये या पदावरच्या लेलानी फार्हा भारतात आल्या. दिल्ली, बंगळुरू आणि मुंबई मिळून १२ दिवस. १२ दिवसांची मिनिटं होतात १७,२८०. ती सगळी, रात्रीसकट, एकट्या मुंबईला दिली असती, तरी झोपडपट्टीतल्या ३०० माणसांमागे एकाचीच भेट झाली असती.

आता पाडकामाचा वेग पाहा. डिसेंबर २००४ ते फेब्रुवारी २००५ या काळात मुंबईत ८० हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या गेल्या आणि ३ लाखांहून अधिक माणसं उघड्यावर आली. मालवणीची अंबुजवाडी, मानखुर्दचं मंडाळा अशा उपनगरांतल्या वस्त्या त्यात होत्या. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये सुमारे ५ हजार माणसं कोंबलेली असतात. अशा ६० लोकल भरतील एवढी माणसं काही आठवड्यांत बेघर झाली. पात्र कोण आणि अपात्र कोण, हे १ जानेवारी १९९५ या तारखेवर ठरत होतं. तिच्या आधीचा पुरावा हाताशी नसेल, तर घर बेकायदा.

त्या वेळी स्पेशल रॅपोर्टरचं पद एका भारतीयाकडेच होतं. वास्तुविशारद मिलून कोठारी हे या विषयाचे पहिले रॅपोर्टर, २००० ते २००८. २००७ मध्ये त्यांनी विस्थापनाबाबतची मार्गदर्शक तत्त्वं परिषदेपुढे ठेवली. त्यातला एक नियम असा: खराब हवामानात, रात्री, सणासुदीला, निवडणुकांच्या तोंडावर, शाळांच्या परीक्षा चालू असताना किंवा जवळ आल्या असताना कुणालाही घराबाहेर काढू नये. मार्चमध्ये दहावीची परीक्षा आणि फेब्रुवारीपर्यंत बुलडोझर, हे पाहिलेल्या शहराला या नियमाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. एका माणसाला १८० कोटी दारं ठोठावता येत नाहीत. पण त्या सगळ्या दारांपाशी उपयोगी पडेल असं एक वाक्य त्याला लिहिता येतं.

असं वाक्य बंधनकारक नाही, म्हणून त्याला हात-पाय स्थानिक माणसांनीच द्यावे लागतात. मुंबईत तसं काम या तत्त्वांच्या आधीच झालं आहे. १९९७च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बोरिवली ते मुलुंड पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानातल्या वस्त्या हटवल्या गेल्या, तेव्हा निवृत्त न्यायमूर्तींच्या लोकन्यायाधिकरणानं रहिवाशांच्या साक्षी नोंदवल्या. २००५च्या पाडकामावरही या न्यायाधिकरणाचा अहवाल निघाला. त्यातले न्यायमूर्ती होस्बेट सुरेश यांनी निवृत्तीनंतरची वर्षं अशा चौकश्यांना दिली. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाला १२ दिवसांत जे कळतं, ते अशा माणसांनी आधी लिहून ठेवलेलं असतं म्हणून कळतं.

कोठारींच्या तत्त्वांत आणखी एक कलम आहे: पाडकामाच्या वेळी तटस्थ निरीक्षकांनी मागणी केली, तर त्यांना तिथे हजर राहू द्यावं. त्यासाठी ३,४०० वर्षं लागत नाहीत, एक सकाळ पुरते. अंधेरीत असो वा घाटकोपरला, बुलडोझर निघतो त्या प्रत्येक सकाळी सरकारचा पगार न घेणारा एक माणूस वही घेऊन तिथे उभा असला पाहिजे. हा नियम मुंबईनं स्वतःहून स्वीकारावा.